प्रबोधनकाका

भाईंदरहून गोरेगावला स्लो गाडीने किती वेळ लागतो असं विचारलंत, तर रेल्वे सांगेल चोवीस-पंचवीस मिनिटं. प्रबोधनकाका सांगतील, ‘एक शहरजाद.’

हे त्यांचं अंतर मोजायचं माप आहे. रेनेसान्स नावाच्या ब्रिटिश बँडची 1975 सालची एक एलपी आहे. तिची अख्खी दुसरी बाजू ‘साँग ऑफ शहरजाद’ या एकाच गाण्याने अडवलेली आहे. गाडी भाईंदरहून हलली की काका कानात बुचं घालतात. मीरा रोडला सुलतान येतो. दहिसरला तो विरघळायला लागतो. बोरिवलीला माणसांचा लोंढा अंगावर येतो तेव्हा काकांच्या कानात राजपुत्र आणि राजकन्येची भेट चाललेली असते, त्यामुळे काका पिशवी छातीशी धरून मंद हसत उभे असतात आणि लोक बिचकून त्यांना वीतभर जागा जास्त देतात. कांदिवलीला उत्सवाची तयारी, मालाडला सुलतानाची फ्यूग, आणि गोरेगावचा फलाट लागता लागता सगळं गाजावाजा करून संपतं. मध्ये सिग्नलला गाडी खोळंबली तर डबा रेल्वेच्या नावाने खडे फोडतो. काका फक्त मान हलवतात, ‘आज लय बिघडली.’

निवृत्तीनंतरही ते दर मंगळवारी हा प्रवास करतात, कारण त्यांची मुलगी गोरेगावला दिलेली आहे. मुलगी देताना पत्रिका पाहिली होती, गाण्याची लांबी नव्हे, असं काकू शपथेवर सांगतात. काका त्यावर काहीच बोलत नाहीत.

त्यांना प्रबोधनकाका हे नाव कसं पडलं तेही सांगायला हवं. भाईंदर पूर्वेला आमची चार मजली इमारत नवी होती तेव्हा सभासदांच्या ओळखीचा एक कार्यक्रम झाला. प्रत्येकाने नाव, गाव, नोकरी आणि छंद सांगायचा. कुणी ‘वाचन’ म्हणालं, कुणी ‘देवदर्शन’. काका म्हणाले, ‘रेनेसान्स.’ तळमजल्यावर इतिहासाचे एक गुरुजी राहत. त्यांनी सभेच्या सोयीसाठी तत्काळ भाषांतर केलं, ‘म्हणजे प्रबोधन.’ सभेने टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं, हे गृहस्थ ठाकऱ्यांच्या ‘प्रबोधन’ पाक्षिकावर संशोधन करत असावेत. पुढे खरा प्रकार कळला, पण तोवर नाव घट्ट बसलं होतं, आणि काकांचा स्वभाव पाहता ते बदलायचं काही कारणही उरलं नव्हतं. ते दिवसरात्र लोकांचं प्रबोधनच करत असतात.

असा एक माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. कुणी अॅक्युप्रेशरवाला असतो, कुणी माहिती अधिकारवाला, कुणी ‘हिमालयात या दिवसांत काय असतं माहितेय का’वाला. तो वाईट नसतो. त्याला एकदा एका ठिकाणी अमृत मिळालेलं असतं, आणि जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला त्यातलं चमचाभर पाजल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. अॅक्युप्रेशरवाला निदान तळवा दाबून सोडून देतो. आमच्या काकांचा चमचा अकरा मिनिटांचा आहे आणि बाटली चोवीसची.

त्यांच्या तावडीत सापडायला फार कष्ट लागत नाहीत. ‘काका, काय गरम होतंय!’ एवढं म्हटलं तरी पुरतं. ‘गरमीवरून आठवलं. अॅशेस आर बर्निंग, 1973. त्यात इलेक्ट्रिक गिटारचा जो एक तुकडा आहे ना, तो पाहुण्याने वाजवलाय. विशबोन अॅशचा अँडी पॉवेल. कारण आमच्या बँडमध्ये साधी गिटार. रॉक बँड, आणि विजेची गिटार नाही! आहे की नाही कमाल?’ कमाल आहेच. पण तुमच्या हातात दुधाची पिशवी असते, ती घाम सोडत असते, आणि काका आता पियानोवर आलेले असतात.

काकांना हे अमृत 1977 साली मिळालं. तेव्हा ते गिरगावातल्या चाळीत राहत आणि फोर्टातल्या एका बँकेत कारकून होते. शेजारच्या टेबलावर उत्तनचे एक ईस्ट इंडियन गृहस्थ बसत. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, म्हणून बँकेत सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांचा चुलतभाऊ बोटीवर नोकरीला. त्याने कुठल्याशा बंदरातून ‘टर्न ऑफ द कार्ड्स’ नावाची तबकडी आणली आणि मास्तरांनी एका रविवारी काकांना जेवायला बोलावलं. काकांच्या आठवणीत हा प्रसंग वासासकट आहे. समोर बोंबील वाळत घातलेले, खिडकीतून समुद्र, आणि आत एक बाई गायला लागली.

काका नाट्यसंगीताच्या घरातले. आजोबांनी बालगंधर्वांपायी नोकरी घालवायचीच बाकी ठेवली होती. घरात रॉक म्हणजे केस वाढवलेल्या मुलांनी गिटारी आपटायच्या, एवढंच माहीत. आणि ही बाई तर केस न पिंजारता, घसा न खरवडता, देवळाच्या कळसावर पाणी चढवावं तसा सूर वर नेत होती. अॅनी हॅसलम तिचं नाव. वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून गायला आली आणि 1971 मध्ये बँडची झाली. ऑपेराच्या गायिकेकडे रीतसर तालीम घेतलेली. तिचा आवाज पाच सप्तकांत फिरतो असं तिचे चाहते सांगतात. ‘पाच!’ काका पंजा उघडून दाखवतात. ‘आपल्याकडे तीन सप्तकांवर माणूस पद्मश्री होतो.’

मग कॅसेटींचा काळ आला. गिरगावात एक दुकानदार एलपीवरून कॅसेट भरून द्यायचा आणि गाण्यामागे पैसे घ्यायचा. काका त्याच्याकडे मास्तरांकडून आणलेली शहरजादची तबकडी घेऊन गेले आणि म्हणाले, ‘दुसऱ्या बाजूचं एकच गाणं भरायचंय.’ दुकानदाराने एका गाण्याचे पैसे घेतले आणि सुई ठेवली. सहाव्या मिनिटाला त्याने तबकडी अडकली का म्हणून वाकून पाहिलं. बाराव्या मिनिटाला चहा मागवला. विसाव्या मिनिटाला त्याने पुठ्ठा घेऊन पाटी लिहायला सुरुवात केली: ‘पाच मिनिटांवरील गाणे दोन गाणी धरले जाईल.’ मुंबईच्या ध्वनिमुद्रण व्यवसायात आपल्यामुळे धोरणात्मक बदल झाला, असं काका आजही अभिमानाने सांगतात.

त्यांची खरी रंगत बँडचा इतिहास सांगण्यात आहे, आणि त्या इतिहासातला लाडका शब्द आहे ‘मूळ’.

‘हा बँड काढला कुणी? 1969 साली कीथ रेल्फ आणि जिम मॅकार्टी यांनी. दोघेही यार्डबर्ड्समधले, रॉकचा धांगडधिंगा करून कंटाळलेले. म्हणाले, आता जरा पियानो, जरा अभिजात, जरा लोकसंगीत. कीथची बहीण जेन गायला. एक तबकडी काढली आणि वर्षभरात सगळे पांगायला लागले. एक गेला, त्याच्या जागी दुसरा आला, तो गेला, तिसरा आला. 1972 ला ‘प्रोलॉग’ निघाली तेव्हा मूळ पाचांपैकी तबकडीवर वाजवणारे किती जण शिल्लक? शून्य! नाव तेच, माणूस एक नाही. आणि तिथून पुढे खरा बँड सुरू!’

हे ऐकून तिसऱ्या मजल्यावरचे आमचे खजिनदार जागे होतात. त्यांना संगीतात गती नाही, राजकारणात आहे.

‘म्हणजे नाव एका गटाकडे गेलं.’

‘हो.’

‘आणि संस्थापक गटाचं काय?’

‘ते 1977 ला पुन्हा जमले. कीथ बिचारा आदल्या वर्षीच गेला होता, घरी गिटार वाजवताना विजेचा धक्का बसून. बाकीच्यांना स्वतःचंच नाव वापरता येईना. मग त्यांनी बँडला ‘इल्यूजन’ नाव दिलं.’

‘भ्रम!’ खजिनदार मांडीवर थाप मारतात. ‘चिन्ह कुणाकडे होतं?’

‘चिन्ह नव्हतं.’

‘मग अवघड आहे.’

‘आणि नव्वदीत तर ऐका. अॅनी एकीकडे, संगीतकार मायकेल डनफर्ड दुसरीकडे, आणि दोघांचेही स्वतंत्र रेनेसान्स. एकाच वेळी!’

खजिनदार खुर्ची पुढे ओढतात. ब्रिटनमध्ये इतकं प्रगत राजकारण आहे याची त्यांना कल्पना नव्हती.

काकांना मात्र यात राजकारण दिसत नाही, नाटक कंपनी दिसते. ‘अरे, अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली शाकुंतल उभं केलं. पाच वर्षांत अण्णासाहेब गेले. कंपनी थांबली का? बालगंधर्व मोठे झाले ते अण्णासाहेब नसलेल्या किर्लोस्कर मंडळीत. मग 1913 ला बालगंधर्व, टेंबे, बोडस बाहेर पडले आणि गंधर्व मंडळी निघाली. आजोबा सांगायचे, गावातली अर्धी माणसं तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हती.’ आणि मग थोडं थांबून, ‘अॅनी म्हणजे गंधर्वच समज. फक्त ती बाईच आहे, एवढाच फरक.’

या आख्यानात एकच माणूस मधे बोलण्याची हिंमत करतो, ते म्हणजे उत्तनचे मास्तर. ते काकांचे एकमेव दीक्षागुरू आणि एकमेव विरोधी पक्ष. महिन्यातून एकदा बसने येतात, सोबत सुकट आणि एक मुद्दा घेऊन.

‘प्रोलॉगमध्ये शोपँ,’ मास्तर बोटं मोडतात. ‘अॅट द हार्बरमध्ये देब्यूसी. रनिंग हार्डच्या सुरुवातीचा तो पियानो? तो जहां आलँ नावाच्या फ्रेंच माणसाचा ऑर्गन आहे. महायुद्धात एकोणतिसाव्या वर्षी मारला गेला बिचारा. त्याचं नाव छापलंय का कव्हरवर? नाही. तुमच्या किर्लोस्करांनी प्रत्येक पदावर ‘चाल अमुक’ म्हणून कबुली छापली. कुठून उचललं ते लिहून ठेवलं. यांनी लिहिलं का?’

हा घाव वर्मी लागतो, कारण काकांच्या कपाटात संगीत नाटकांची जुनी पुस्तकं आहेत आणि पदाच्या डोक्यावर चाल छापलेली त्यांनी लहानपणापासून पाहिली आहे. लावणीवरून, कानडी पदावरून, कुठूनही घेतलेली, पण कबूल केलेली.

‘आणि कोल्ड इज बीइंग,’ मास्तर सोडत नाहीत. ‘ती अल्बिनोनीची अडाजिओ. आणि ती अडाजिओ तरी अल्बिनोनीची कुठे आहे? जिआझोट्टो नावाच्या इटालियन पंडिताने 1958 मध्ये छापली, म्हणाला, मला अठराव्या शतकातला तुकडा सापडला. आता जाणकार म्हणतात, त्यानेच रचली असावी. म्हणजे माल उसना, आणि तोही नकली!’

अशा वेळी काका हुकमाचं पान टाकतात. त्यासाठी ते उठून खिडकीपाशी जातात आणि खाडीपलीकडे हात करतात.

‘तिकडे वसईचा किल्ला. चिमाजी अप्पांनी 1739 ला घेतला. तिथल्या चर्चच्या घंटा कुठे गेल्या? एक भीमाशंकराला. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात. पोर्तुगीज घंटा शंकरासमोर पावणेतीनशे वर्षं वाजतेय आणि कुणाला खटकत नाही. तिच्या डोक्यावर छापलंय का, चाल वसई? घंटा गोड वाजते की नाही, एवढं बघायचं.’

‘पण घंटा आमची होती,’ मास्तर शांतपणे म्हणतात.

यानंतर थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग काकू सुकटाची चटणी आणतात आणि दोन्ही संस्कृतींचा समेट होतो.

काकूंचा या बँडशी संबंध पूर्णपणे व्यावहारिक आहे. लग्न झालं तेव्हा सासूने शिट्ट्या मोजायला शिकवलं होतं. पण भाईंदरला आल्यावर आसपास स्टीलच्या भांड्यांचे गाळे, पॉलिशच्या घरघरीत शिट्टी ऐकू येईना. काकूंनी मग रेनेसान्स वापरायला घेतला. ‘ती बाई पहिल्यांदा वर गेली की गॅस बारीक. दुसऱ्यांदा गेली की बंद.’ राजमा असेल तर काकू स्वतः आतून ओरडतात, ‘ते राजा खान लावा हो!’ हे अकरा मिनिटांवरचं गाणं आहे आणि त्यात शब्दच नाहीत, नुसता आवाज. पूर्वी शेजारी विचारायचे, हे राजा खान कुठल्या घराण्याचे? काकू सांगायच्या, ‘राजम्याच्या.’

संपूर्ण बँडमधलं एकच माणूस काकूंना मनापासून आवडतं. बेटी थॅचर. ही बाई कधी रंगमंचावर आली नाही. ती कॉर्नवॉलला राहायची. डनफर्ड तिला टपालाने चाल पाठवायचा, ती शब्द लिहून टपालाने परत पाठवायची. ‘सोल्झेनित्सिनवर लिहिलं तिने,’ काका कौतुकाने सांगतात, ‘मदर रशिया.’ काकूंना सोल्झेनित्सिनशी देणंघेणं नाही. ‘समोर न येता सगळं निभावून नेलं,’ त्या म्हणतात, ‘आणि नाव त्या उभ्या राहून गाणारीचं.’ हे बोलताना त्या नेमक्या पोळ्या लाटत असतात आणि काका दिवाणखान्यात पाहुण्यांना अॅनीचे फोटो दाखवत असतात.

2012 च्या नोव्हेंबरात डनफर्ड गेला. काकांनी दोन दिवस दाढी केली नाही आणि टेबलापाशी नुसते बसून राहिले. शेजारपाजारच्यांना वाटलं, घरात काही झालं. दोघी-तिघी जणी पदर सावरत भेटायला आल्या. ‘कोण गेलं हो?’ काकूंनी अजिबात वेळ न घालवता सांगितलं, ‘यांच्याकडचे. गिटारवाले.’ त्या हळहळल्या. एकीने वय विचारलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी जेवणाचा डबाही पाठवला, आणि काकांनी तो खाल्ला.

त्यांच्या आयुष्यातला सर्वात मोठा जाहीर कार्यक्रम आमच्या गणेशोत्सवात झाला. दरवर्षी एक संध्याकाळ सभासदांच्या कलागुणांसाठी असते. काका दरवर्षी नाव देत आणि समिती दरवर्षी वेळेअभावी गाळत असे. त्या वर्षी एक नाच रद्द झाला आणि काकांना पाच मिनिटं मिळाली. ‘रेनेसान्स 1975 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ओळीने तीन रात्री वाजले,’ काकांनी माइक हातात घेऊन प्रस्तावना केली, ‘ऑर्केस्ट्रासह. आज आपण त्यांना आपल्या मांडवात ऐकू.’ ही प्रस्तावना सात मिनिटांची होती. त्यानंतर त्यांनी शहरजाद लावली.

पहिली तीन मिनिटं मंडळी सभ्यपणे बसली. गुरुजींनी तर कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ची आठवण काढून मान डोलावली. चौथ्या मिनिटाला वॉचमन धावत आला. ‘पाणी आलं!’

भाईंदरमध्ये राहिलेल्याला या दोन शब्दांचं सामर्थ्य वेगळं सांगायला नको. त्या काळी पाणी कधी येईल हे देवालाही ठाऊक नसे, आणि टाकी भरेपर्यंत घरोघरी बादल्या, हंडे, पिंपं, टोप, सगळं भरून घ्यावं लागे. क्षणात मांडव रिकामा झाला. काका डोळे मिटून उभे होते, त्यांना कळलंच नाही. चार मजल्यांवरून नळांचा खळखळाट आणि बादल्यांचे आवाज येत होते, त्यात सुलतान हळवा झाला, राजपुत्र भेटला, उत्सवाची तयारी झाली. विसाव्या मिनिटाला पाणी गेलं. लोक ओल्या हातांनी एकेक करत परत येऊन आपापल्या खुर्चीवर बसले. गाणं संपलं. काकांनी डोळे उघडले. मांडव गच्च भरलेला, प्रत्येक चेहऱ्यावर टाकी भरल्याचं समाधान, आणि टाळ्यांचा कडकडाट, कारण पुढे जेवण होतं.

‘पाहिलंस?’ नंतर ते मला म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. ‘चोवीस मिनिटं. एक माणूस उठला नाही.’

मी काय बोलणार? माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती.

इतर बँडांबद्दल काकांची मतं कडक आहेत. 1994 मध्ये जेथ्रो टल मुंबईत आले तेव्हा बँकेतल्या पोरांनी त्यांना तिकीट देऊ केलं. ‘बासरीच ऐकायची तर आपल्याकडे हरिप्रसाद आहेत,’ म्हणून त्यांनी नाकारलं. पिंक फ्लॉइडबद्दल ते म्हणतात, ‘चांगले आहेत, पण फार लोकांना आवडतात.’ रेनेसान्सला इंग्लंडात धड एकच गाणं लागलं, ‘नॉर्दर्न लाइट्स’. 1978 मध्ये ते दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. बाकी त्यांचं खरं प्रेक्षकघर समुद्रापार अमेरिकेत, न्यूयॉर्क-फिलाडेल्फियात. रॉकवाले म्हणत, हे अभिजात आहे. अभिजातवाले म्हणत, हे रॉक आहे. घरच्यांनी विचारलं नाही. काकांना हे सगळं तोंडपाठ आहे, आणि मला वाटतं त्यांचं भाईंदरशी पटलं ते याच कारणाने. जिल्हा ठाणे, गाडी पश्चिम रेल्वेची. मुंबईकर म्हणतात, तुम्ही गावाकडचे. ठाणेकर म्हणतात, तुम्ही तिकडचे. चर्चगेटला जाताना आपण ‘मुंबईला जातो’ म्हणतो, आणि बाहेरगावी कुणी विचारलं तर ‘मुंबईचा’ म्हणून सांगतो.

गेल्या वर्षी आमची इमारत पालिकेच्या धोकादायक यादीत आली. छताचे पोपडे गळतच होते. पुनर्विकास ठरला आणि सर्वसाधारण सभा बोलावली गेली. कार्पेट, कॉर्पस, भाडं, सगळ्यावर एकमत झालं. भांडण पेटलं ते नावावरून. बिल्डरला नव्या बावीस मजल्यांना इंग्रजी नाव हवं होतं, शेवटी ‘हाइट्स’ असलेलं. जुन्यांना जुनंच हवं. नवीन सभासद म्हणाले, जुनं नाव कशाला? मूळ सभासद उरलेत किती?

खजिनदारांनी रजिस्टर उघडलं. वीस घरं. मूळ सभासद तीन. गुरुजी गेले, त्यांच्या खोलीत आता एका स्टीलवाल्याचं कुटुंब. कुणी नालासोपाऱ्याला, कुणी मुलाकडे पुण्याला, कुणी वर. जिथे आम्ही बांधलं तिथे त्याआधी मिठागर होतं, आणि मिठागराच्या आधीपासूनचे जे आगरी-कोळी, त्यांच्या लेखी तर आम्ही सगळेच काल आलेले.

प्रबोधनकाका उभे राहिले. सभेने घड्याळं पाहिली. दोघे जण चहाला उठले. खजिनदारांनी डोळे मिटले. सर्वांना ठाऊक होतं, आता 1969.

‘नाव ठेवा,’ काका म्हणाले. ‘मूळ माणसं गेली तरी नावाला काही होत नाही. पुढच्यांनी नीट गायलं म्हणजे झालं.’ आणि खाली बसले.

सभा एवढी हबकली की ठराव एकमताने पास झाला. चहाला उठलेले दोघे परत आले तेव्हा पुढचा विषय सुरू झाला होता.

बाहेर पडताना मी म्हटलं, ‘काका, तुम्ही तर जन्मभर मूळ मूळ करता.’

उत्तर काकूंनी दिलं. ‘कसलं मूळ? त्या पहिल्या पाचांची तबकडी आहे घरात. मास्तरांनी साठीला दिली होती. अजून प्लॅस्टिकमध्ये आहे.’

काका खिशात चष्मा शोधू लागले. तो त्यांच्या डोळ्यांवर होता.

महिन्याभरात सगळे पांगलो. काका-काकू खाडीपलीकडे नायगावला भाड्याच्या घरात गेले. टेम्पोत एलपींची पेटी काकांनी मांडीवर घेतली आणि गॅसची शेगडी काकूंनी. एकाच स्टेशनाने का होईना, आमच्यात सर्वांत लांब तेच गेले होते. वाटलं, चला, जिन्यातली वर्दळ थांबली, दूध वेळेवर घरी पोचेल.

पहिल्याच मंगळवारी त्यांचा फोन आला. आवाज अस्वस्थ होता.

‘अरे, घोटाळा झालाय.’

‘काय झालं काका? भाडं नाही आलं बिल्डरचं?’

‘भाडं आलं रे. नायगावहून गाडी धरली की शहरजाद कांदिवलीलाच संपते. पुढे दोन स्टेशनं मी काय ऐकू?’

मला काही सुचेना. चाळीस वर्षांचं माप एका खाडीने चुकवलं होतं. तेवढ्यात मागून भांड्यांच्या आवाजात काकूंचा आवाज आला, ‘काय ऐकू काय? तबकडी पालटा म्हणावं. पहिली बाजू लावा.’

काका क्षणभर गप्प राहिले. मग मला म्हणाले, ‘तू मंगळवारी कितीच्या गाडीला असतोस?’